वंगणाची निवड : गाडीच्या आसापासून गळाच्या रिळापर्यंत

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते आणि मध्यातून तापी. १९७२ साली तापीवर गुजरातेत उकाईचे धरण पूर्ण झाले व त्याचा फुगवटा नवापूर-नंदुरबारच्या बाजूला आला. पुढे सरदार सरोवराचे पाणी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या गावांत शिरले. या पाण्यांवर मासेमारी चालते ती मुख्यतः जाळ्यांनी. पण गळाच्या काठीला लावायचे दातेरी चाकांचे रीळही आता बाजारात मिळते आणि हौशी मंडळी ते वापरतात.

असे रीळ एक-दोन पावसाळे काढले की जड फिरू लागते. मग प्रश्न येतो, यात घालायचे काय? स्वयंपाकघरातले गोडेतेल, डोक्याला लावायचे खोबरेल, शिलाई मशीनचे पातळ तेल, की सायकल दुरुस्तीच्या दुकानातले पिवळसर ग्रीज? बहुतेक जण हाताशी असेल ते घालतात. रीळ दोन दिवस छान फिरते. नंतर ते पुन्हा अडते, आणि या वेळी साफ करूनही सुटत नाही.

प्रश्न लहान वाटतो, पण त्याचे उत्तर मिळायला माणसाला काही हजार वर्षे लागली. त्या उत्तराचा बराचसा भाग आपल्या मुलखातल्या बैलगाडीला ठाऊक होता. तेव्हा रिळाकडे जाण्याआधी गाडीकडे जाऊ.

आसाला तेल

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ साली काही ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला आणि माणूस उभा असलेला एक रथ आहे. महाराष्ट्राच्या भूमीवर चाक किती जुने आहे याची ही सुंदर साक्ष आहे. चाक आले की आस आला, आणि आसावर चाक फिरू लागले की घर्षण आले. लाकडावर लाकूड कोरडेच घासले तर ते करकरते, तापते आणि झिजते.

यावरचा उपाय आपल्याकडे इतका रुळलेला होता की जुन्या ग्रंथांत तो उपमा म्हणून येतो. चरकसंहितेत अंगाला तेल लावण्याचे महत्त्व सांगताना म्हटले आहे की तेलाने जसा घडा, चामडे आणि गाडीचा आस मजबूत होऊन त्रास सोसू लागतात, तसेच शरीराचे होते. जैन परंपरेत साधूच्या आहाराला ‘अक्षम्रक्षण’ असा शब्द आहे. अक्ष म्हणजे आस आणि म्रक्षण म्हणजे वंगण घालणे. व्यापारी माल मुक्कामी पोचावा एवढ्यासाठी आसाला तेल देतो, तसे साधूने शरीर चालण्यापुरतेच अन्न घ्यावे, असा त्याचा भाव. वंगण हवे तेवढेच घालावे, जास्त घालू नये, ही गोष्टही या उपमेत आली आहे. ती आपल्याला रिळाच्या वेळी उपयोगी पडेल.

मराठी गाडीवानाच्या गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. त्यात एरंडेल आणि त्यात कालवलेली जळक्या चिंध्यांची किंवा गवताची काजळी. लांबच्या वाटेवर, मग ती सारंगखेड्याच्या यात्रेची असो वा बाजाराची, चाक थोडे बाहेर ओढून आसाला हे काळे वंगण फासले जाई.

आता जरा थांबून विचार करू. खानदेशात भुईमूग पिके, तीळ पिके. सातपुड्यात मोहाच्या बियांचे तेल निघे. मग आसासाठी एरंडेलच का? ते खाण्याच्या उपयोगाचे नव्हते हे एक कारण झाले. पण खरे कारण त्या तेलाच्या गुणांत आहे.

पहिला गुण दाटपणा. शास्त्रीय भाषेत याला श्यानता म्हणतात. ४० अंश सेल्सियसला भुईमुगाच्या तेलाची श्यानता सुमारे ४० सेंटिस्टोक्स असते, तर एरंडेलाची सुमारे २५०. म्हणजे एरंडेल जवळजवळ सहापट दाट. दुसरा गुण, ते हवेत लवकर सुकत नाही. जवस आणि करडईची तेले हवेतला ऑक्सिजन घेऊन पापुद्रा धरतात, म्हणून जवसाचे तेल रंगात वापरतात. वंगणात हाच गुण घातक ठरतो. तिसरा गुण, ते थंडीत थिजत नाही. मोहाचे तेल हिवाळ्यात थिजते, खोबरेलही सुमारे २४ अंशांखाली गोठते. तोरणमाळच्या पहाटे खोबरेल घातलेले चाक चालवून पाहावे!

काजळीचे काम वेगळे होते. ती तेलाला धरून ठेवी, त्यामुळे तेल ओघळून वाटेवर सांडत नसे. तेल आणि त्याला धरून ठेवणारा दाटक यांचे मिश्रण म्हणजेच ग्रीज. गाडीवानाचे वंगण हे या व्याख्येत नेमके बसते. मात्र काजळीत वाळूची कच गेली तर तेच वंगण आस कुरतडू लागे. म्हणून नळकांड्याला झाकण हवे.

एक छोटा हिशेब

बैलगाडी ताशी ४ किलोमीटर चालते आणि तिच्या चाकाचा व्यास १.४ मीटर आहे असे धरू. चाकाचा परीघ सुमारे ४.४ मीटर. गाडी मिनिटाला ६७ मीटर जाते, म्हणजे चाक मिनिटाला साधारण १५ फेरे घेते. आस ५ सेंटिमीटर जाडीचा असेल तर त्याच्यावर घासण्याचा वेग सेकंदाला जेमतेम ४ सेंटिमीटर भरतो.

आता रेल्वेचा डबा घेऊ. चाकाचा व्यास १ मीटर, वेग ताशी ६० किलोमीटर. चाक मिनिटाला सुमारे ३१८ फेरे घेईल. आसाचे टोक १३ सेंटिमीटर जाड धरले तर घासण्याचा वेग सेकंदाला २ मीटरच्या वर जातो, म्हणजे गाडीच्या पन्नासपटीहून अधिक. भारही कित्येक पटींनी मोठा. इतका फरक पडल्यावर वंगणाचा नियम तोच राहील का? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाने विचारला, कारण रेल्वेचे आस तापत होते. तापलेल्या आसपेटीला रेल्वेत ‘हॉट बॉक्स’ म्हणतात. ती वेळीच लक्षात आली नाही तर आस मोडून डबा घसरतो.

टॉवरची उडालेली बुचे

१८८३ साली इंग्लंडमध्ये बोशाँ टॉवर हे अभियंता मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेसाठी बेअरिंगवर प्रयोग करीत होते. त्या काळच्या रेल्वेत असे तसे बेअरिंग त्यांनी घेतले होते. फिरणारा दंड खाली, त्याच्यावर पितळी टोपी, आणि टोपीवर भार. दंडाचा खालचा भाग तेलात बुडालेला होता. तेल घालण्यासाठी त्यांनी टोपीच्या माथ्याला एक भोक पाडले. दंड फिरू लागला आणि त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेरच येऊ लागले. त्यांनी भोकाला बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर फेकली गेली. शेवटी तिथे दाबमापक बसवला. भाराच्या हिशेबाने सरासरी दाब चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि दाबमापक २०० च्या पुढे गेला.

याचा अर्थ, भार पितळेवर नव्हताच. फिरणारा दंड आपल्याबरोबर तेल ओढून अरुंद होत जाणाऱ्या फटीत कोंबत होता, आणि कोंडलेल्या तेलाच्या दाबावर सगळा भार तरंगत होता. तीन वर्षांनी, १८८६ साली, ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. पावसात डांबरी रस्त्यावरून भरधाव जाणाऱ्या मोटारीचे टायर पाण्याच्या थरावर तरंगते आणि ब्रेक लागत नाही, त्यामागचे तत्त्व हेच.

पुढे १९०२ साली जर्मनीत रिखार्ड स्ट्रिबेक यांनी मोजमापांनी दाखवून दिले की घर्षण तीन गोष्टींवर ठरते : तेलाची श्यानता, फिरण्याचा वेग आणि भार. वेग पुरेसा असेल तर पातळ तेलाचाही थर तयार होतो, आणि तिथे दाट तेल घातल्यास ते ढवळण्यातच शक्ती वाया जाते. वेग कमी व भार जास्त असेल तर पातळ तेल फटीतून पिळून निघते आणि धातू धातूला टेकतो. तिथे दाट तेलच हवे. सेकंदाला ४ सेंटिमीटर वेगाच्या आसाला एरंडेल लावणारा गाडीवान हाच नियम पाळत होता. त्याने तो मोजला नव्हता, पिढ्यान्‌पिढ्या पारखला होता.

याच सुमारास नंदुरबारला रेल्वे आली. सुरतेहून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा या वाटेने अमळनेरकडे जाणारी तापी खोऱ्यातली रेल्वे १९०० सालच्या सुमारास पुरी झाली. टॉवर यांचे प्रयोग तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे होते. जुन्या डब्यांच्या आसपेटीत तेलात भिजवलेल्या सुताचा बोळा असे. तो आसाला खालून टेके आणि तेल पुरवत राही. टॉवर यांची तेलाची कुंडी आणि हा बोळा यांचे काम एकच.

खनिज तेल आणि एका रेणूचा थर

एकोणिसाव्या शतकात भारतीय रेल्वेत दिव्यांसाठी आणि वंगणासाठीही एरंडेलाचा मोठा वापर होता. पण १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेक यांनी तेलाची विहीर खोदली आणि चित्र पालटू लागले. आपल्याकडे आसामात दिग्बोईचा तेल शुद्धीकरण कारखाना १९०१ साली सुरू झाला. केरोसीन काढून घेतल्यावर उरणाऱ्या जड भागातून वंगणतेल मिळू लागले. ते स्वस्त होते, खवट होत नव्हते, चिकट पापुद्रा सहजी धरत नव्हते, आणि हव्या त्या दाटपणाचे करता येत होते. एरंडेल मागे पडू लागले.

तरी एक कोडे उरले. श्यानता अगदी सारखी असली तरी अवजड, मंद कामात वनस्पतिज तेल खनिज तेलापेक्षा चांगले चाले. का? १९२० च्या आसपास इंग्लंडमध्ये विल्यम हार्डी यांनी याचे उत्तर शोधले. तेलाचा थर पार पिळून निघाला तरी धातूच्या पृष्ठाला रेणूंचा एक पातळ थर चिकटून राहतो. वनस्पतिज तेलांतल्या स्निग्ध आम्लांच्या रेणूचे एक टोक धातूला धरते व लांब शेपटी बाहेर राहते. गालिच्याच्या लोकरीसारखा हा थर दोन धातूंना थेट भिडू देत नाही. खनिज तेलाच्या रेणूला असे धरणारे टोक नसते. १९२० सालीच वेल्स आणि साउदकोम यांनी दाखवले की खनिज तेलात सुमारे १ टक्का स्निग्ध आम्ल मिसळले तर हा उणेपणा बराचसा भरून निघतो. आजच्या तेलांत घालतात त्या पूरक द्रव्यांची ही सुरुवात म्हणता येईल.

एका रेणूचा थर केवढा? बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनमधल्या एका तळ्यावर चमचाभर तेल ओतले. त्यांचा निबंध १७७४ साली प्रसिद्ध झाला. ते तेल सुमारे अर्ध्या एकरावर पसरले आणि तेवढे पाणी आरशासारखे शांत झाले. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे, सुमारे २००० चौरस मीटर. चमच्यात ५ घनसेंटिमीटर तेल धरले तर थराची जाडी निघते २.५ नॅनोमीटर, म्हणजे जवळजवळ एका रेणूएवढी. हा भागाकार विद्यार्थ्यांकडून फळ्यावर जरूर करून घ्यावा.

एरंडाचे पुनरागमन

एरंडेल पूर्ण बाद झाले असे मात्र घडले नाही. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांत तेच वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. ‘कॅस्ट्रॉल’ हे वंगणतेलाचे प्रसिद्ध नावही ‘कॅस्टर ऑइल’ या एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून १९०९ साली तयार झाले. अति उष्णतेत एरंडेलही चिकट थर धरते, म्हणून ती इंजिने पुन्हापुन्हा साफ करावी लागत.

एरंडाचे खरे पुनरागमन झाले ते ग्रीजमध्ये. ग्रीज म्हणजे तेल धरून ठेवलेला साबण. साबणाचे सूक्ष्म तंतू एकमेकांत गुंततात आणि स्पंजाप्रमाणे तेल धरून ठेवतात. दाब पडला की थोडे तेल बाहेर येते. तेव्हा ग्रीजचा स्वभाव साबण कशाचा आहे यावर ठरतो. चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या साध्या साबणाचे ग्रीज पाण्याला दाद देत नाही, पण शंभर अंशांच्या आतच वितळते. सोडियमच्या साबणाचे ग्रीज उष्णता सोसते, पण पाण्यात दुधाळ होऊन वाहून जाते. पाणी आणि उष्णता दोन्ही सोसणारे ग्रीज १९४० च्या दशकात आले. अमेरिकेत क्लॅरेन्स अर्ल यांना लिथियम साबणाच्या ग्रीजचे पेटंट १९४२ साली मिळाले. हे ग्रीज सुमारे १८० अंशांच्या पुढे वितळते आणि पाण्याने सहज धुऊन जात नाही.

लिथियम ग्रीजसाठी सर्वात जास्त वापरले जाणारे आम्ल कशापासून करतात? एरंडेलापासून. एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असते. त्याच्या साखळीतल्या बाराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट आहे. या गटांमुळे रेणू एकमेकांना धरून राहतात, आणि एरंडेलाच्या दाटपणाचे रहस्य हेच आहे. एरंडेलात हायड्रोजन मिसळून व त्याचे विघटन करून १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल मिळते. त्याचा लिथियमशी साबण करतात. साबणाचे तंतू घट्ट गुंतण्यासही तोच हायड्रॉक्सिल गट मदत करतो. गाडीच्या नळकांड्यात जो गुण कामाला येत होता तोच या डब्यात कामाला येतो. जगातल्या एरंडाचा बहुतांश भाग भारतात पिकतो, आणि त्यातही आपल्या शेजारचा गुजरात आघाडीवर आहे. सायकलच्या दुकानातल्या ग्रीजच्या डब्याचे मूळ अशा रीतीने नवापूरच्या सीमेपलीकडच्या शेतात असू शकते.

अलीकडे बॅटऱ्यांसाठी लिथियमला मागणी वाढली व ते महागले, म्हणून नव्या प्रकारच्या कॅल्शियम ग्रीजकडे कारखाने पुन्हा वळत आहेत. पाण्यात काम करणाऱ्या यंत्रांना ती चांगली मानवतात.

आता रीळ

रीळही जुनेच आहे. चीनमध्ये मा युआन या चित्रकाराच्या सुमारे ११९५ सालच्या चित्रात नावेतल्या कोळ्याच्या काठीला रीळ दिसते. आजच्या रिळाचा एक पूर्वज १९०५ साली इंग्लंडमधल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांच्या पेटंटातून आला. सूतगिरणीतल्या चातीवरून सूत जसे सरसर सुटते, तशी दोरी सुटावी ही त्यातली कल्पना. या लहानशा यंत्रात वंगणाचे सगळे प्रश्न एकत्र भेटतात.

मुठीजवळची दातेरी चाके मंद फिरतात आणि मासा ओढू लागला की त्यांच्यावर भार येतो. त्यांची जात बैलगाडीची. तिथे ग्रीज हवे, आणि पाण्याजवळचे काम असल्याने लिथियमचे किंवा पाणी सोसणाऱ्या कॅल्शियमचे हवे. ग्रीजच्या डब्यावर ००० पासून ६ पर्यंत दाटपणाचा क्रमांक असतो. ०० क्रमांकाचे ओघळते, २ क्रमांकाचे लोण्यासारखे असते. रिळाच्या दातांना ० ते २ मधले, पातळ थराने लावावे. चाके ग्रीजमध्ये बुडवून टाकली तर मूठ जड होते. अक्षम्रक्षणाची मर्यादा इथे आठवावी.

दोरी फेकताना भरभर फिरणारी गोळ्यांची बेअरिंगे रेल्वेच्या जातीची, वेगवान आणि कमी भाराची. तिथे ग्रीज नको. पातळ खनिज तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. शिलाई मशीनचे तेल या कामाला चालते.

मूठ उलटी फिरू न देणारा छोटा रोधक मात्र घर्षणावरच काम करतो. त्याच्यात ग्रीज गेले तर तो निसटतो. तो स्वच्छ ठेवून फार तर तेलाचा पुसट हात द्यावा. मासा जोरात ओढतो तेव्हा दोरी बेताने सोडणाऱ्या चकत्याही घर्षणानेच काम करतात. त्यांच्यासाठी वेगळे ग्रीज मिळते, आणि काही चकत्या कोरड्याच ठेवायच्या असतात. तिथे रिळाबरोबर आलेला कागद वाचावा.

नवे वंगण घालण्यापूर्वी जुने पुसून काढावे. वेगवेगळ्या साबणांची ग्रीजे मिसळली तर तंतूंचे जाळे मोडून ती पातळ होऊ शकतात. आणि गोडेतेल? ते घातल्यावर पहिल्या दिवशी छान चालते. पुढे हवेतला ऑक्सिजन आपले काम करतो आणि दातांत चिकट राळ बसते. सुरुवातीला सांगितलेले अडलेले रीळ याच कारणाने अडले. घरच्या शिलाई मशीनलाही गोडेतेल घालण्याचा मोह होतो. त्या मशीनवर घर चालत असेल तर ही चूक फार महाग पडते.

वर्गात करून पाहावे

काचेच्या तिरक्या पट्टीवर एरंडेल, गोडेतेल आणि शिलाई मशीनचे तेल यांचा एकेक थेंब ठेवून शर्यत लावावी. तीच शर्यत हिवाळ्यातल्या सकाळी आणि एप्रिलच्या दुपारी लावून वेळा नोंदवाव्यात. तापमानाने श्यानता किती बदलते ते आकड्यांत दिसेल.

दोन काचपट्ट्यांवर जवसाचे आणि एरंडेलाचे पातळ हात देऊन पंधरा दिवस धुळीपासून झाकून ठेवाव्यात, आणि मग बोट लावून पाहावे.

साबणाच्या पाण्यात चुन्याची निवळी घालावी. जो पांढरा चिकट साका येतो तो कॅल्शियमचा साबण. कूपनलिकेच्या जड पाण्यात कपडे धुताना जो त्रास होतो, तोच पदार्थ ग्रीजमध्ये कामाला येतो हे मुलांना सांगितले की रसायनशास्त्राचा तो धडा लक्षात राहतो.

शेवटी एक काळजी. पुसून काढलेले तेल आणि चिंध्या धरणाच्या पाण्यात किंवा नाल्यात टाकू नयेत. चमचाभर तेलाने वीस गुंठे पाणी व्यापले होते, हा हिशेब आपण आत्ताच केला आहे. ज्या पाण्यातले मासे धरायचे, त्याच पाण्याकाठी रीळ साफ करण्याची सवय अनेकांना असते.

आणि गावात एखादे वृद्ध गाडीवान असतील तर त्यांना वर्गात बोलवावे. वंगणात काय घालत, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात त्यात काय बदल करीत, किती कोसांवर चाक काढीत, हे मुलांनी विचारून लिहून घ्यावे. लाकडी चाकांच्या गाड्या आता फार थोड्या राहिल्या आहेत. ही माहिती आज लिहिली नाही, तर पुढे विचारायला कोणी उरणार नाही.